डायना व्रीलंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॅशनच्या मासिकांवर काहीही लिहिलं की डायना व्रीलंड यांचं नाव निघतं आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. ते सगळे इथे एका जागी गोळा केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदाच हे नाव ऐकणाऱ्यांचे आहेत, पुढचे वाद घालायला आलेल्यांचे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. डायना व्रीलंड म्हणजे नेमक्या कोण?

अमेरिकेतल्या दोन सगळ्यात वजनदार फॅशन मासिकांच्या संपादिका. १९३६ पासून १९६२ पर्यंत 'हार्पर्स बझार'मध्ये आणि १९६२ ते १९७१ 'व्होग'मध्ये. 'व्होग'च्या त्या १९६३ पासून मुख्य संपादक होत्या. तिथून काढून टाकल्यावर माणूस घरी बसला असता. बाई सत्तरीला टेकलेल्या असताना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेल्या आणि कपड्यांच्या प्रदर्शनांना गर्दी खेचून दाखवली. २२ ऑगस्ट १९८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

फोटोत त्या चटकन ओळखू येतात. लॅकर मारून टणक केलेले, मागे वळवलेले काळेभोर केस, लाल नखं, आणि लाली गालांवरच नाही तर कानांवरसुद्धा.

२. त्या फ्रेंच होत्या, ब्रिटिश की अमेरिकन?

जन्म पॅरिसचा, २९ सप्टेंबर १९०३. वडील फ्रेडरिक डॅलझील ब्रिटिश, आई एमिली हॉफमन अमेरिकन. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कुटुंब न्यूयॉर्कला आलं, त्यामुळे वाढल्या अमेरिकेत. शाळेत फारसं मन रमलं नाही. नाचाचे धडे मात्र मिशेल फोकीन यांच्यासारख्या मोठ्या रशियन नृत्यकाराकडे घेतले.

आई देखणी, धाकटी बहीण अलेक्झांड्रा तर नावाजलेली सुंदर, आणि डायना मात्र मोठ्या नाकाची. आई तिला तोंडावर कुरूप म्हणायची, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्यातलं किती खरं धरायचं हा वेगळा विषय (उत्तर १४ पाहा), पण हा सल खोटा वाटत नाही. पुढे ज्या चेहऱ्यांना त्यांनी पानावर जागा दिली ते पाहिलं की हिशोब लागतो.

१९२४ मध्ये त्यांनी थॉमस रीड व्रीलंड या बँकरशी लग्न केलं आणि १९२९ मध्ये बिऱ्हाड लंडनला हलवलं. तिथे त्यांनी स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचं छोटं दुकान चालवलं. पुढे ज्यांच्यासाठी इंग्लंडच्या राजानं गादी सोडली त्या वॉलिस सिम्पसन या दुकानाच्या गिऱ्हाईक होत्या.

३. पत्रकारितेचा कसलाही अनुभव नसताना नोकरी मिळाली तरी कशी?

नाचताना. १९३० च्या दशकाच्या मध्यावर व्रीलंड दांपत्य न्यूयॉर्कला परतलं. सेंट रेजिस हॉटेलच्या गच्चीवर एका रात्री डायना शनेलचा पांढऱ्या लेसचा पोशाख घालून, केसांत गुलाब माळून नाचत होत्या. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्यांना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला बोलावलं. आपण दुपारच्या जेवणाआधी कधी कपडेच केलेले नाहीत, असं डायना म्हणाल्या. पण कपड्यांतलं कळतं ना तुम्हाला, असं स्नोबाईंचं उत्तर.

ही हकिकत ऐकून अनेकांना ओळखीपाळखीचा मामला वाटतो. तो होताच. उच्चभ्रू वर्तुळातल्या बाईला उच्चभ्रू वर्तुळातल्या संपादकानं नोकरी दिली. फरक इतकाच की बाकीच्या अशा बायका दोन-तीन वर्षांत कंटाळून जायच्या आणि ही बाई पस्तीस वर्षं रोज कामावर आली. शिवाय पैशांची गरजही होती. घरचा थाट नवऱ्याच्या पगारात बसत नव्हता.

४. उरलेल्या शॅम्पेननं मुलांचे केस धुवा, असा सल्ला त्यांनी खरंच दिला होता का?

हो. 'व्हाय डोन्ट यू' म्हणजे 'का नाही बरं तुम्ही...' या नावाचं त्यांचं सदर १९३६ मध्ये सुरू झालं. सोनेरी केसांच्या मुलांचे केस फ्रेंच लोकांसारखे फेस गेलेल्या शॅम्पेननं का नाही धूत तुम्ही? मुलांच्या खोलीच्या चारही भिंतींवर जगाचा नकाशा का नाही रंगवत, म्हणजे ती संकुचित वृत्तीची होणार नाहीत? जुन्या अर्मिन फरच्या कोटाचा अंघोळीनंतर घालायचा झगा का नाही शिवून घेत?

हे छापून येत होतं महामंदीच्या काळात. लोकांनी टिंगल केली. १९३८ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये एस. जे. पेरेलमन यांनी या सदराचं फर्मास विडंबन लिहिलं. पण कोणी शॅम्पेन डोक्यावर ओतेल अशी बाईंची अपेक्षा होती असं समजणं भाबडेपणाचं आहे. नकाशाची सूचना मात्र मला आजही पटते, आणि ती करायला फरचा कोट लागत नाही.

५. फोटो फोटोग्राफर काढतो, कपडे डिझायनर शिवतो. मग फॅशन संपादक करतो काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

कपड्यांच्या नव्या हंगामात शेकडो पोशाख दाखवले जातात. त्यातले कुठले छापायचे, कुठले सोडायचे, ही पहिली निवड संपादकाची. मग कोणता पोशाख कोणत्या मुलीच्या अंगावर, कोणत्या शहरात, कोणत्या उजेडात, केस कसे, पायात काय, हातमोजे आहेत की नाहीत. फोटोग्राफर कोण हेही संपादकच ठरवतो, कारण एकाच कोटाचा अर्विंग पेननं काढलेला फोटो आणि रिचर्ड ॲवेडॉननं काढलेला फोटो या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शूटच्या दिवशी संपादक तिथे उभा राहून दोरा खेचतो, टाचणी लावतो, बांगडी काढून टाकतो. फोटो आले की कुठला पानभर आणि कुठला कोपऱ्यात, यावर कलासंपादकाशी भांडतो.

व्रीलंडबाईंच्या आधी हे काम होतं, पण ते असं नव्हतं. ॲवेडॉन म्हणायचे की आधी उच्चभ्रू बायका दुसऱ्या उच्चभ्रू बायकांच्या डोक्यावर टोप्या ठेवायच्या. फॅशन संपादक हा पेशाच व्रीलंडबाईंनी निर्माण केला. ॲवेडॉन यांनी दोन्ही मासिकांत त्यांच्याबरोबर काम केलं होतं, तेव्हा हे दुरून मारलेलं कौतुक नाही.

बाईंनी स्वतः सांगितलेला एक किस्सा. फोटोच्या पार्श्वभूमीला त्यांना बिलियर्डच्या टेबलाचा हिरवा रंग हवा होता. फोटोग्राफरनं एक हिरवा करून आणला, नाही. दुसरा, नाही. शेवटी त्यानं वैतागून खरोखरच्या बिलियर्डच्या टेबलाचा फोटो आणला. बाई म्हणाल्या, अहो, मला बिलियर्डच्या टेबलाची *कल्पना* हवी होती. हसू येतं, पण हातात छापील मासिक घेऊन पाहिलं तर कळतं की खऱ्या बनातीचा हिरवा कागदावर मेलेला दिसतो. त्यांना कागदावर जिवंत दिसणारा हवा होता.

६. हॉलिवूडची नटी लॉरेन बकॉल हिला त्यांनीच शोधून काढलं हे खरं का?

निम्मं. 'हार्पर्स बझार'च्याच निकोलस द गुन्झबर्ग यांनी अठरा वर्षांच्या बकॉलला त्यांच्यापुढे आणून उभं केलं. ती तोपर्यंत मॉडेल म्हणून काही विशेष चालत नव्हती. व्रीलंडबाईंनी तिला निवडलं आणि लुईझ डाल-वुल्फ यांनी फोटो काढला. मार्च १९४३ च्या मुखपृष्ठावर ती रेड क्रॉसच्या रक्तदान केंद्राच्या दारासमोर उभी आहे, आणि नजर अशी की वाचकाला थांबावं लागतं. हॉलिवूडचे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांच्या पत्नीनं तो अंक नवऱ्याला दाखवला. पुढच्याच वर्षी बकॉल हम्फ्रे बोगार्टबरोबर पडद्यावर होती.

७. इतकी वर्षं काढूनही 'हार्पर्स बझार'चं मुख्य संपादकपद का मिळालं नाही?

कार्मेल स्नो निवृत्त झाल्या तेव्हा खुर्ची त्यांच्या भाचीला, नॅन्सी व्हाइट यांना मिळाली. व्रीलंडबाईंनी तोवर वीस वर्षं फॅशनची पानं सांभाळली होती. त्यांच्याकडे नजर होती यावर कोणाचंच दुमत नव्हतं, पण मासिक चालवायला हिशेबही लागतो आणि त्या बाबतीत मालकांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. तो का नव्हता, हे 'व्होग'नं पुढे अनुभवलं (उत्तर ११).

८. 'व्होग'मध्ये त्यांनी असं काय केलं?

त्या आल्या तेव्हा 'व्होग' हे सभ्य, नीटनेटकं, मोती घातलेल्या बायकांचं मासिक होतं. महिन्यातून दोनदा निघायचं. बाहेर मात्र लंडनच्या पोरी गुडघ्याच्या वर स्कर्ट घालून हिंडायला लागल्या होत्या. बाई तेव्हा साठीच्या. त्या वयाच्या बहुतेकांनी नाक मुरडलं असतं. बाईंनी दारं उघडली. तरुणांच्या या उसळीला 'व्होग'नं १९६५ च्या जानेवारीत 'यूथक्वेक', म्हणजे तरुणांचा भूकंप, असं नाव दिलं.

आणि चेहरे बदलले. ट्विगी होती काडीसारखी. पेनेलोपी ट्रीचे डोळे परग्रहावरच्या माणसासारखे. लॉरेन हटनच्या पुढच्या दातांत फट. व्हेरूश्का सहा फुटांहून उंच. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडचं नाक इतर लोक झाकायला सांगत होते. 'व्होग'नं तिचा चेहरा मुद्दाम बाजूनं दाखवला, म्हणजे नाकच आधी दिसावं. ज्याला लोक उणीव म्हणतात तीच ताणून पुढे आणायची, ही त्यांची पद्धत. दात, नाक, उंची, जे असेल ते.

तिसरा बदल पानांचा. फोटोंच्या मालिका दहा, पंधरा, वीस पानं चालायच्या आणि परदेशात दूरवर काढल्या जायच्या. पोशाखाची किंमत आणि तो मिळण्याचं दुकान हे शेवटी, बारीक अक्षरात. वाचकाला काय हवंय ते विचारत बसायचं नाही, त्याला जे हवंय हे त्यालाच माहीत नाही ते द्यायचं, असं त्या म्हणायच्या. अर्थात हे वाक्य जाहिरातदारांना ऐकवून चालत नाही.

९. जपानमधल्या त्या फर कोटांच्या फोटोंचं एवढं काय आहे?

ऑक्टोबर १९६६ च्या 'व्होग'मध्ये सव्वीस पानांची एक मालिका आली. फोटोग्राफर ॲवेडॉन, मॉडेल व्हेरूश्का, शूट सांभाळणाऱ्या पॉली मेलन. 'व्होग'साठी मेलन यांची ही पहिलीच मोठी कामगिरी. बर्फाळ जपान, एकाहून एक फर कोट, आणि व्हेरूश्काच्या जोडीला तिच्याहूनही उंच असा एक धिप्पाड सुमो मल्ल. प्रवासाची कथाच मांडलेली होती: कुठून तरी कुठे तरी निघालेली एक स्त्री, तिचा काफिला, तिला भेटलेला पुरुष. सगळी मंडळी जपानमध्ये काही आठवडे होती. त्या काळातल्या सर्वांत महागड्या शूटमध्ये याची गणना होते.

आज कुठल्याही लग्नाआधीच्या फोटोंत डोंगरमाथ्यावर लांब झग्याचा घोळ उडवणारी नवरी दिसते. तिच्या फोटोग्राफरनं व्रीलंड हे नाव ऐकलेलं असायची गरज नाही, पण कपड्यांच्या फोटोला प्रवासाची गोष्ट हवी ही सवय लावणाऱ्यांत हा अंक आहे.

१०. ऑफिसात त्या कशा होत्या? त्या 'मेमों'बद्दल फार ऐकलंय.

ऑफिसला यायच्या दुपारी बाराच्या सुमारास. त्याचा अर्थ काम उशिरा सुरू व्हायचं असा नाही. सकाळी घरच्या न्हाणीघरातून फोनवर सेक्रेटरीला एकामागून एक मजकूर सांगायच्या, तो टाइप होऊन टेबलाटेबलावर पोचायचा. हेच ते मेमो. विषय कुठलाही. एका मेमोत त्यांनी डुकराच्या पिल्लाच्या पांढऱ्या रंगाचा ध्यास घेतला: पुरता पांढरा नाही, पुरता गुलाबी नाही, या रंगाचे पायमोजे मिळाले तर काय बहार होईल! हे वाचून फॅशन विभागातल्या मुलीनं दिवसभरात काय करायचं, हे तिचं तिनं ठरवायचं.

ऑफिसची खोली लालभडक, खाली बिबट्याच्या ठिपक्यांचा गालिचा, सुगंधी मेणबत्ती जळती. पार्क ॲव्हेन्यूवरचा फ्लॅटही लाल. सजावटकार बिली बाल्डविन यांना त्यांनी सांगितलं होतं की बाग हवी, पण नरकातली. बुटांचे तळवेसुद्धा पॉलिश केलेले असत, कारण पाय वर केला तर तळवा दिसतोच.

मुली त्यांना टरकून असत हे खरं. शूट झाल्यावर पुन्हा करा म्हणायच्या, आणि पुन्हा केलेलंही छापायच्या नाहीत. पण लिहिलेले मेमो पाहिले तर त्यात कौतुकही भरपूर आहे, आणि ते नेमकं आहे: छान झालं एवढंच न म्हणता कुठली बाही छान पडली ते सांगितलेलं.

११. १९७१ मध्ये त्यांना काढलं का?

पैसा. साठीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मंदी आली, 'व्होग'च्या जाहिराती घटल्या. बायका नोकरीला लागल्या होत्या, त्यांना सकाळी आठला घालून बाहेर पडता येईल असे कपडे हवे होते, आणि 'व्होग'मध्ये वाळवंटात उभी असलेली, अंगभर दागिने रंगवलेली स्त्री दिसत होती. त्यात मिनी स्कर्टच्या जागी पोटरीपर्यंतचा मिडी आणायचा प्रयत्न सगळ्या फॅशन धंद्यानं केला आणि तो सपशेल आपटला. शूटचा खर्च तर कमी व्हायचं नावच घेत नव्हता.

'व्होग' काढणाऱ्या काँडे नास्ट कंपनीत संपादकीय कारभार अलेक्झांडर लिबरमन यांच्या हाती होता. बाईंना 'हार्पर्स'मधून आणलं तेही त्यांच्याच कारकिर्दीत. आता त्यांच्याच काळात बाईंना जावं लागलं. जागी आल्या त्यांच्याच हाताखालच्या ग्रेस मिराबेला. त्यांनी ती लाल खोली बेज रंगानं रंगवून घेतली. मिराबेलांना यावरून बरंच बोललं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी मासिक कमावत्या बायकांच्या उपयोगाचं केलं आणि खपही वाढवला. व्रीलंडबाईंच्या चाहत्यांना हे कबूल करायला जड जातं इतकंच.

१२. मेट गाला त्यांनी सुरू केला का?

नाही. हा सोहळा १९४८ मध्ये प्रसिद्धीतज्ज्ञ एलिनॉर लॅम्बर्ट यांनी सुरू केला, मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या कपड्यांच्या विभागाला, म्हणजे कॉस्च्युम इन्स्टिट्यूटला, निधी मिळावा म्हणून. तिकीट पन्नास डॉलर, आणि स्वरूप उच्चभ्रूंच्या रात्रीच्या जेवणाचं.

संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक थॉमस होव्हिंग यांच्या काळात व्रीलंडबाई तिथे विशेष सल्लागार म्हणून आल्या. पहिलं मोठं प्रदर्शन १९७३ मध्ये, डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांच्या कपड्यांचं. त्यानंतर दर वर्षी एक: हॉलिवूडचे पोशाख, रशियाचे पोशाख, मांचू राजवटीचे झगे. सोहळा संग्रहालयाच्या इमारतीत आणणं, त्याला प्रदर्शनाचा विषय जोडणं, नटनट्या, गायक, डिझायनर यांना धनिकांच्या शेजारी बसवणं हे त्यांचं. आज दर मे महिन्यात फोनवर जे फोटो येतात त्यांचा साचा त्या काळातला आहे. त्याला आजचं अवाढव्य रूप 'व्होग'च्या नंतरच्या संपादक ॲना विंटूर यांनी दिलं.

१३. मग संग्रहालयवाले त्यांच्यावर नाराज का होते?

कारण त्यांना इतिहासापेक्षा परिणाम प्यारा होता. दालनात संगीत लावायच्या, अत्तर फवारायच्या, पुतळ्यांना रंगवायच्या. अठराव्या शतकातल्या पोशाखावर त्या शतकातली नसलेली एखादी वस्तू शोभली तर खुशाल चढवायच्या. कापड जपणाऱ्या तज्ज्ञांच्या अंगावर काटा यायचा.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. १९८३ मध्ये त्यांनी ईव्ह सँ लोराँ यांचं प्रदर्शन भरवलं. हयात डिझायनरचं एकट्याचं प्रदर्शन मेट्रोपॉलिटनमध्ये पहिल्यांदाच होत होतं. ज्याचे कपडे बाहेर दुकानात विकायला आहेत त्याला संग्रहालयानं असा मान द्यावा का? पुढच्या वर्षीच्या घोडा आणि स्वार या विषयावरच्या प्रदर्शनाला राल्फ लॉरेन यांच्या कंपनीनं पैसे दिले, म्हणजे घोडेस्वाराचं चित्र ज्यांच्या शर्टावर असतं त्यांनीच. टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. हा वाद आजही संपलेला नाही आणि या एका मुद्द्यावर मी टीकाकारांच्या बाजूनं आहे.

१४. त्या सांगत ते सगळं खरं होतं का?

अजिबात नाही, आणि हे त्यांनी लपवलंही नाही. लहानपणी घोडेस्वारीचे खेळ करणाऱ्या प्रसिद्ध बफेलो बिलनं घोड्यावर बसायला शिकवलं. १९२७ मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्गचं विमान अटलांटिककडे निघालं ते आपल्या बागेवरून गेलं. पंचम जॉर्जचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला. १९८४ च्या आठवणींच्या पुस्तकात अशा गोष्टी भरलेल्या आहेत. ते पुस्तक टेपवर केलेल्या गप्पांतून तयार झालं, त्यामुळे बैठकीतल्या गप्पांचा रंग त्यात उतरला आहे. वस्तुस्थिती आणि कल्पना यांच्या मिश्रणाला त्या 'फॅक्शन' म्हणायच्या.

चरित्र लिहिणाऱ्यांना याचा ताप होतो. पण नोकरीच्या तारखा, अंक, फोटो, मेमो हे सगळं कागदावर आहे, आणि तिथे थापेला वाव नाही. या पानावरचे जे किस्से केवळ त्यांच्या तोंडचे आहेत तिथे तसं म्हटलं आहे.

१५. 'द डेव्हिल वेअर्स प्राडा'मधली संपादिका याच का?

नाही. ती ॲना विंटूर यांच्यावर बेतलेली मानली जाते. कादंबरीच्या लेखिका विंटूर यांच्या सहाय्यक होत्या. व्रीलंडबाई हव्या असतील तर १९५७ चा 'फनी फेस' हा सिनेमा पाहा. त्यातली केय थॉम्पसन यांनी केलेली, सगळ्या जगाला गुलाबी रंगवायला निघालेली मॅगी प्रेस्कॉट त्यांच्यावरून घेतली आहे.

दोघींची गल्लतही नेहमी होते. व्रीलंड १९७१ ला गेल्या, मग मिराबेला, आणि १९८८ मध्ये विंटूर, ज्या २०२५ पर्यंत अमेरिकन 'व्होग'च्या मुख्य संपादक होत्या. विंटूर यांच्या पहिल्याच मुखपृष्ठावर महागड्या जाकिटाखाली साधी जीन्स होती. व्रीलंडबाईंनी ती मुलगी उंटावर बसवली असती.

१६. भारताशी त्यांचा काय संबंध?

दोन धागे पक्के आहेत. एक, साठीच्या दशकात 'व्होग'नं फोटोग्राफर हेन्री क्लार्क यांच्याकडून राजस्थानात, विशेषतः उदयपूरच्या महालांत, फॅशनचे फोटो काढून घेतले. दोन, १९८५-८६ मध्ये अमेरिकेत भारत महोत्सव चालू होता तेव्हा मेट्रोपॉलिटनमध्ये त्यांनी भारतीय राजघराण्यांच्या पोशाखांचं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी हे एक.

आणि ते प्रसिद्ध वाक्य: इतरांना जसा नेव्ही ब्लू, तसा भारताला गुलाबी. म्हणजे रोजच्या वापराचा, कशावरही चालणारा रंग. आपल्याकडे कौतुकानं ते पुन्हा पुन्हा छापलं जातं. जयपूरच्या फेट्याबद्दल खरं असेल. हळदीचा पिवळा, चुड्याचा हिरवा आणि पैठणीचा जांभळा सोडून गुलाबीवर आपलं चालल्याचं कोणत्याही मराठी लग्नघरात दिसणार नाही. त्यांचा भारत महालांचा होता. साठीतल्या त्या फोटोंतही हा देश मागचा पडदा आहे, माणसं क्वचित.

१७. फर, वंश, परदेशी लोकांचा 'पार्श्वभूमी' म्हणून वापर: आजच्या नजरेनं हे खपवून घ्यायचं का?

फरचं उत्तर सोपं आहे: तेव्हा तो धंदा होता, आज ती सव्वीस पानं तशीच्या तशी कोणी छापणार नाही.

वंशाचं अवघड आहे. ज्या संपादिकेनं दातांची फट आणि मोठं नाक सुंदर ठरवलं, तिच्या कारकिर्दीत अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर एकही कृष्णवर्णीय मॉडेल आली नाही. ती आली ऑगस्ट १९७४ मध्ये, बेव्हर्ली जॉन्सन, म्हणजे मिराबेलांच्या काळात. ब्रिटिश 'व्होग'नं त्याच्या आठ वर्षं आधी, मार्च १९६६ मध्ये, डोनयेल लूनाला मुखपृष्ठावर घेतलं होतं. तेव्हा काळच तसा होता, हा बचाव त्यामुळे टिकत नाही. अमेरिकेत मुखपृष्ठाचा निर्णय एकट्या संपादकाचा नसायचा, विक्रीवाल्यांचाही असायचा, हे मान्य. तरी ज्या बाई सव्वीस पानांचं शूट रेटून नेऊ शकत होत्या त्यांनी हे एक मुखपृष्ठ रेटलं नाही.

१८. व्रीलंड आडनावाचे एक बौद्ध भिक्खू कर्नाटकात आहेत. नात्यातले की योगायोग?

सख्खे नातू. व्रीलंड दांपत्याला दोन मुलगे: थॉमस वास्तुरचनाकार झाले, फ्रेडरिक परराष्ट्र सेवेत जाऊन पुढे मोरोक्कोत अमेरिकेचे राजदूत होते. फ्रेडरिक यांचे चिरंजीव निकोलस. तरुणपणी त्यांनी अर्विंग पेन आणि ॲवेडॉन यांच्याकडे उमेदवारी केली, म्हणजे आजीच्याच फोटोग्राफरांकडे. १९८५ मध्ये त्यांनी तिबेटी बौद्ध भिक्खूची दीक्षा घेतली, आणि २०१२ मध्ये दलाई लामांनी त्यांना राटो मठाचे प्रमुख नेमलं. हा मठ उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत आहे, हुबळीपासून जवळच. मठाच्या नव्या इमारतीला पैसे कमी पडले तेव्हा निकोलस यांनी आपण काढलेले फोटो विकून ते उभे केले.

डायना यांच्यावरचा 'द आय हॅज टू ट्रॅव्हल' हा माहितीपट करणाऱ्या लिसा इमॉर्डिनो व्रीलंड याही घरातल्याच, दुसऱ्या नातवाच्या, अलेक्झांडर यांच्या पत्नी. आजेसासूबाईंना त्या कधीही भेटल्या नव्हत्या.